एका निसर्गचित्राची पाठचिकित्सा : ‘इकारसचे पतन’ — शैली, मूळ आणि कर्तृत्व

जुन्या पोथीचा मूळ पाठ निश्चित करणे आणि जुन्या चित्राचे मूळ निश्चित करणे ही दोन कामे सामान्यतः दोन निरनिराळ्या शाखांच्या स्वाधीन असतात. पहिले काम भाषेच्या अभ्यासकाचे, दुसरे कलेतिहासकाराचे, अशी वाटणी रूढ झालेली आहे. परंतु दोघांपुढील अडचण एकाच जातीची असते. हाती असलेली वस्तू मूळ आहे की प्रत, प्रत असल्यास मूळच्या किती जवळची, तिच्यात काय गळले, काय भरीस पडले, आणि ती ज्याच्या नावावर चालते त्याचे तिच्याशी नाते कोणते, हे प्रश्न दोघांनाही सोडवावे लागतात. या दृष्टीने ब्रसेल्स येथील ‘इकारसच्या पतनाचे निसर्गचित्र’ या सुप्रसिद्ध चित्राचा विचार उद्बोधक ठरतो. पीटर ब्रूगेल या सोळाव्या शतकातील फ्लेमिश चित्रकाराच्या नावावर हे चित्र दीर्घकाळ चालत आले. आज त्या नावाभोवती प्रश्नचिन्ह उभे आहे, आणि ते कसे उभे राहिले यात पद्धतिशास्त्राचा एक संपूर्ण धडा सामावलेला आहे.

१. चित्र आणि त्याचा इतिहास

बेल्जियमच्या शाही ललितकला संग्रहालयाने हे चित्र १९१२ मध्ये विकत घेतले. त्याचा आकार सुमारे ७३.५ × ११२ सेंटिमीटर असून ते कॅनव्हासवर तैलरंगात आहे. त्यावर चित्रकाराची स्वाक्षरी नाही, तारीखही नाही. १९१२ पूर्वीच्या सुमारे साडेतीन शतकांत ते कोणाकोणाच्या हातून गेले याचा मागोवा लागत नाही. पोथीच्या भाषेत सांगायचे तर या पोथीला पुष्पिका नाही. लेखकाचे नाव नाही, लेखनाचा शक नाही, आणि मालकांची परंपराही नाही. अशा वस्तूचे मूळ शोधताना वस्तूतच असलेल्या साक्षीवर सगळी भिस्त ठेवावी लागते.

चित्राच्या अग्रभागी, उंचवट्यावर, लाल बाह्यांचा अंगरखा घातलेला एक नांगरट्या घोड्याच्या साहाय्याने शेत नांगरीत आहे. त्याच्या खालच्या बाजूस काठीवर रेललेला मेंढपाळ मान वर करून आकाशाकडे पाहत आहे. उजवीकडे पाण्याच्या काठी एक कोळी गळ टाकून बसला आहे. समोर विस्तीर्ण समुद्र, शिडे फुगलेले गलबत, दूरवर खडक आणि नगर, आणि क्षितिजाला टेकलेला सूर्य. चित्राला ज्याचे नाव आहे तो इकारस प्रथमदर्शनी दिसतच नाही. गलबत आणि किनारा यांच्यामध्ये पाण्याबाहेर राहिलेले दोन पाय शोधून काढावे लागतात.

२. शैली : प्रदेशाची खूण आणि व्यक्तीची खूण

बोलींच्या अभ्यासात एक भेद प्रारंभीच शिकविला जातो. काही लकबी साऱ्या प्रदेशाच्या असतात, काही एका व्यक्तीच्या. चित्पावनी वा मालवणी बोलीतील एखादे वैशिष्ट्य आढळले म्हणजे बोलणाराचा मुलूख कळतो. तो बोलणारा अमुकच माणूस होय, असे त्यावरून ठरत नाही. चित्रशैलीच्या बाबतीत हाच भेद पाळणे अगत्याचे आहे.

इकारसच्या चित्रातील निसर्ग ज्या पद्धतीने रचला आहे तिला कलेतिहासकार ‘विश्वनिसर्गचित्र’ म्हणतात. उंचावरून पाहिलेला अफाट प्रदेश, वर सरकलेले क्षितिज, एकाच चौकटीत डोंगर, समुद्र, शेते आणि नगरे, आणि अग्रभागी तपकिरी, मध्यभागी हिरवी व दूरवर निळी अशी रंगांची उतरंड, ही तिची लक्षणे. नेदरलंड्समध्ये ही पद्धत योआखिम पाटिनीर याने प्रतिष्ठित केली. तो १५२४ मध्ये अँटवर्प येथे निवर्तला. त्यानंतर दोन पिढ्या ही रीत त्या नगरीच्या चित्रशाळांत रुळली. तेव्हा हे चित्र सोळाव्या शतकातील अँटवर्पच्या परंपरेतील होय, एवढे शैलीवरून निःशंकपणे म्हणता येते. परंतु ही मुलुखाची खूण झाली.

व्यक्तीची खूण शोधण्यासाठी स्वाक्षरी असलेल्या चित्रांकडे जावे लागते. ब्रूगेल १५५१ मध्ये अँटवर्पच्या चित्रकार संघाचा सदस्य झाला, त्यानंतर त्याने इटलीचा प्रवास केला, आणि परतल्यावर हिएरोनिमस कॉक या प्रकाशकासाठी आल्प्सच्या अनुभवातून उपजलेली निसर्गदृश्ये रेखाटली. त्याचे १५५७ मधील ‘पेरणाऱ्याचा दृष्टान्त’ हे चित्र आज अमेरिकेतील सॅन डिएगो येथे आहे. त्यात एका बाजूच्या उंचवट्यावर शेतात काम करणारी आकृती, तिच्यापलीकडे एकदम खोल उतरत जाणारा पाण्याचा विस्तार, आणि चित्राचा पौराणिक वा धार्मिक विषय दूर कोठेतरी बारीक करून टाकलेला, अशी मांडणी आहे. मोठ्या विषयाला लहान जागा आणि लहान माणसाला मोठी जागा देण्याची ही रीत ब्रूगेलची स्वतःची म्हणता येते, आणि इकारसच्या चित्रात ती पूर्णांशाने आढळते. म्हणूनच चित्राची रचना ब्रूगेलची, याविषयी विद्वानांत फारसा मतभेद नाही.

मतभेद आहे तो हाताविषयी. रचना करणारा आणि प्रत्यक्ष लिहिणारा हे दोघे निरनिराळे असू शकतात, हे पोथ्यांच्या अभ्यासकाला सांगण्याची गरज नाही. १६३८ मध्ये निवर्तलेल्या ब्रूगेलच्या थोरल्या मुलाने, त्याचेही नाव पीटरच, वडिलांच्या चित्रांच्या प्रती आपल्या कर्मशाळेत मोठ्या संख्येने तयार करविल्या. अशा प्रतीत शैलीच्या सर्व खुणा उतरतात, कारण शैलीचा पुष्कळसा भाग रचनेबरोबरच संक्रांत होतो. शैलीचा पुरावा येथे थांबतो.

३. चित्रामागील पाठ

चित्राची कथा रोमन कवी ऑव्हिड याच्या ‘मेटामॉर्फोसीझ’ या काव्याच्या आठव्या सर्गातील आहे. डीडलस हा कुशल कारागीर क्रीट बेटावरून सुटण्यासाठी पिसे व मेण यांचे पंख करतो आणि पुत्र इकारस याच्यासह आकाशमार्गे निघतो. पुत्र सूर्याच्या फार जवळ जातो, मेण वितळते आणि तो समुद्रात बुडतो. ऑव्हिडने या उड्डाणाचे तीन साक्षीदार सांगितले आहेत : मासे पकडणारा, काठीवर रेललेला मेंढपाळ आणि नांगरावर वाकलेला शेतकरी. ते वर पाहून थक्क होतात आणि हे आकाशगामी देवच असावेत असे मानतात.

चित्रकाराने हे तिघेही घेतले, पण त्यांचे विस्मय काढून घेतले. नांगरट्याची नजर तासावर आहे, गळ टाकणाऱ्याची पाण्यावर. एकटा मेंढपाळ वर पाहतो, तोही इकारस जेथे पडला त्याच्या विरुद्ध दिशेस. शेताच्या कडेच्या झुडुपात एका मृत म्हाताऱ्याचे फिकट मस्तक दिसते. त्याचा संबंध माणूस मरतो म्हणून नांगर थांबत नाही, अशा अर्थाच्या तिकडील म्हणीशी जोडला जातो. ‘कोणावाचून कोणाचे अडत नाही’ हे मराठीत जे सांगितले जाते त्याचेच हे अधिक कठोर रूप. ब्रूगेलने १५५९ मध्ये म्हणींचे एक संपूर्ण चित्रच रंगविलेले असल्याने ही जोडणी ओढूनताणून आणलेली वाटत नाही.

येथे एका लहानशा पक्ष्याचा विचार आवश्यक आहे. कोळ्याजवळ एका फांदीवर तित्तिर पक्षी बसलेला आहे. तोही ऑव्हिडकडूनच आला. डीडलसने मत्सराने आपल्या भाच्याला उंचावरून ढकलून दिले होते. देवीने त्या मुलाचे तित्तिर पक्ष्यात रूपांतर करून त्यास वाचविले. डीडलस मुलाचे शव पुरीत असता हा पक्षी ते पाहून आनंदाने कलकलतो, असे कवी सांगतो. परंतु तो कोठून पाहतो याविषयी हस्तलिखितांत पाठभेद आहे. एका पाठाप्रमाणे तो फांद्यांनी भरलेल्या ओकवृक्षावरून पाहतो. दुसऱ्या पाठाप्रमाणे चिखलाच्या पाटातून. लॅटिनमध्ये ‘इलिके’ आणि ‘एलिके’ असा केवळ एका स्वराचा फरक आहे, आणि त्याला अनुसरून विशेषणही बदलते. पुढे कवी स्वतःच म्हणतो की या पक्ष्याला उंचीचे भय वाटते व तो झाडावर घरटे करीत नाही. त्यामुळे अर्वाचीन संपादकांचा कल पाटाच्या पाठाकडे आहे.

चित्रातील पक्षी फांदीवर आहे. म्हणजे चित्राच्या रचनाकाराने वृक्षाचा पाठ धरला. कथा केवळ ऐकीव असती तर या पक्ष्याचे कारणच नव्हते, कारण इकारसची गोष्ट सांगताना सामान्यतः भाच्याची गोष्ट कोणी सांगत नाही. तेव्हा रचनेमागे ऑव्हिडचा प्रत्यक्ष पाठ, मुळातून वा भाषांतरातून, उभा होता असे अनुमान करता येते. मात्र वृक्षाचा पाठ दीर्घकाळ प्रचारात होता. म्हणून यावरून चित्राचा काळ वा कर्ता ठरवू पाहणे अप्रशस्त होईल. पुरावा जेवढे बोलतो तेवढेच त्याच्याकडून बोलवून घ्यावे.

४. दुसरी प्रत आणि रिकामे आकाश

१९३५ मध्ये याच रचनेचे दुसरे चित्र प्रकाशात आले. ते लाकडी फलकावर असून आकाराने काहीसे लहान आहे, आणि आज ब्रसेल्समधीलच व्हान ब्यूरेन संग्रहालयात आहे. संग्रहालयातील पहिल्या चित्राचा डावीकडील काही भाग व उजवे टोक त्यात नाही. पण त्यात एक गोष्ट अधिक आहे. आकाशात पंख पसरलेला डीडलस आहे, आणि मेंढपाळाची नजर नेमकी त्याच्यावर आहे.

या प्रतीमुळे पहिल्या चित्रातील एक अडचण एकाएकी स्पष्ट होते. तेथे मेंढपाळ रिकाम्या आकाशाकडे पाहतो. व्याकरणाच्या परिभाषेत ही नजर म्हणजे पूर्वपद नसलेले सर्वनाम आहे. ‘तो’ आहे, पण ‘तो’ म्हणजे कोण हे वाक्यात कोठेच नाही. असे सर्वनाम हस्तलिखितात आढळले की संपादक सामान्यतः मानतो, येथे काहीतरी गळले आहे.

परंतु उलट बाजूही तितकीच विचारार्ह आहे. प्रत करणारे गाळतात तसे भरही घालतात, आणि भर बहुधा तेथेच घालतात जेथे त्यांना पाठ अपुरा वाटतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने काढलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत या प्रवृत्तीची शेकडो उदाहरणे आहेत. व्यासांनी सांगावे आणि गणेशाने लिहावे ही लोकप्रिय कथा आदिपर्वाच्या संहितेतून काढून वि. सी. सुखठणकर यांनी परिशिष्टात टाकली, ती हस्तलिखितांच्या साक्षीवरून उत्तरकालीन ठरली म्हणून. तेथे आटोपशीर पाठ जुना आणि भरगच्च पाठ नवा, असा अनुभव वारंवार येतो. मग येथेही डीडलस नसलेले चित्र मुळाच्या जवळचे आणि डीडलस हा एखाद्या दक्ष नकलाकाराने नजरेला विषय पुरविण्यासाठी घातलेला क्षेपक, असे का मानू नये?

या प्रश्नाचा निर्णय केवळ लांबी-आखूडपणावरून होत नाही. तीन गोष्टी तोलून पाहाव्या लागतात. पहिली, मेंढपाळाची वर वळलेली मान दोन्ही चित्रांत आहे. म्हणजे ती दोहोंच्या समान मुळातली आहे. डीडलस नंतर भरीस पडला असे म्हटले, तर मूळ रचनेतच मान वर करण्यास निमित्त नव्हते, असे मानावे लागते. दुसरी, ऑव्हिडच्या कथेत साक्षीदार पाहतात ते दोघांना, आणि रचनाकार त्या पाठाशी तित्तिर पक्ष्यापर्यंत प्रामाणिक आहे. तिसरी, ब्रूगेलच्या रेखाटनावरून फ्रान्स हाइस याने १५६० नंतरच्या काही वर्षांत कोरलेल्या गलबतांच्या चित्रमालेतील एका चित्रात आकाशात डीडलस आणि इकारस दोघेही आहेत. म्हणजे पित्याला आकाशात दाखविणे ब्रूगेलला परके नव्हते. या तिन्हींचा भार एकत्र केला तर मूळ रचनेत डीडलस होता हा पक्ष अधिक संभवनीय ठरतो. तो सिद्ध झाला असे मात्र म्हणता येत नाही. मुद्दाम रिकामे ठेवलेले आकाशही ब्रूगेलसारख्या कलावंताच्या बाबतीत अशक्य कोटीतले नाही.

दोन चित्रांचे परस्परनातेही याच रीतीने उलगडते. दुसरे चित्र पहिल्यावरून केले असते तर डीडलस ही नकलाकाराची कल्पना ठरते; पहिले दुसऱ्यावरून केले असते तर दोन्ही कडांचा विस्तार ही भर ठरते. दोघांनी एकाच लुप्त मुळावरून निरनिराळे अंश घेतले असे मानल्यास कोणत्याही भरीची कल्पना करावी लागत नाही. या ठिकाणी पाठचिकित्सेतील एक जुने सूत्र आठवावे : प्रत उशिराची म्हणून तिच्यातला पाठ उशिराचा असतोच असे नाही. व्हान ब्यूरेन संग्रहालयातील चित्र ब्रूगेलच्या हातचे मानले जात नाही. तरीही एका स्थळी मूळ पाठ त्यानेच जपला असण्याचा संभव आहे.

५. द्रव्याची साक्ष

हात कोणाचा, हा प्रश्न मग द्रव्यांच्या परीक्षेकडे सोपविला गेला. येथे पहिली शंका कॅनव्हासचीच. ब्रूगेलने कापडावर काम केले नाही असे नाही. नेपल्स येथील १५६८ मधील ‘आंधळ्यांचा दृष्टान्त’ कापडावरच आहे; पण त्यात रंग सरसात कालविलेले आहेत. त्याची तैलचित्रे लाकडी फलकावर आहेत. कॅनव्हासवर तैलरंग हे त्याच्या बाबतीत अपवादभूत ठरते.

या अडचणीवर १९६३ मध्ये फिलिप रॉबर्ट्स-जोन्स व जॉर्ज मार्लिए यांनी एक उपपत्ती मांडली : चित्र मुळात फलकावर होते, आणि नंतर रंगाचा थर उचलून कॅनव्हासवर चढविला गेला. जुनी चित्रे जगविण्यासाठी हा उपाय पूर्वी केला जात असे. १९९८ मध्ये बेल्जियन व डच शास्त्रज्ञांनी किरणोत्सर्गी कार्बनाच्या साहाय्याने कॅनव्हासचा काळ मोजला आणि या कापडावर ब्रूगेलने रंगविणे संभवत नाही, असा निष्कर्ष काढला. २००६ मध्ये ब्रसेल्सचे प्राध्यापक जाक रेस यांनी त्या मापनावर तांत्रिक आक्षेप घेतले.

या ठिकाणी तर्काची एक पायरी चुकण्याचा संभव असतो. कापडाचे वय म्हणजे चित्राचे वय नव्हे. जीर्ण पोथीची पाने नव्या कागदावर चिकटविली तर त्या कागदाचे वय पोथीला लागू पडत नाही. रंगथर स्थलांतरित झाला असेल तर कापडाची तारीख केवळ दुरुस्तीची तारीख सांगते. स्थलांतर झाले नसेल तर मात्र तीच तारीख निर्णायक ठरते. म्हणून खरा प्रश्न रंगाच्या थरांखाली काय आहे हा होतो.

निळ्या रंगाच्या एका सूक्ष्म नमुन्याच्या परीक्षेत मूळ रंगाखाली खडूचे अस्तर आढळले, असे रेस आणि त्यांचे सहकारी सांगतात. नेदरलंड्समध्ये असे अस्तर लाकडी फलकावर देण्याची रीत होती. मूळ निळ्या थरात शिशाचा सफेता, अझुराइट आणि लाकडी कोळशाचे लांबट कण मिळाले, आणि तसेच कण त्याच संग्रहालयातील ब्रूगेलच्या ‘शिरगणती’च्या चित्रातही आहेत, हा त्यांचा मुख्य आधार. यावरून चित्र ब्रूगेलच्या हातचेच, असे ते म्हणतात. याच्या विरुद्ध ख्रिस्तीना करी आणि दोमिनिक आलार यांनी ब्रूगेल व त्याचे नकलाकार यांच्या कार्यपद्धतीचा तौलनिक अभ्यास करून, विशेषतः अवरक्त किरणांनी दिसणारे रंगाखालचे रेखाटन तपासून, दोन्ही चित्रे प्रतीच आहेत असे मत दिले आहे. त्यांचा ग्रंथ २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला.

रंगाखालच्या रेखाटनाला एवढे महत्त्व का, हे समजून घेणे उपयुक्त आहे. स्वतः रचना करणारा रेखाटताना शोधत असतो. रेषा बदलतो, आकृती हलवतो. नकलाकाराला रचना तयार मिळालेली असते. त्याची रेषा निश्चित आणि निर्विकल्प असते. कवीच्या स्वहस्तलिखितात खाडाखोड असते आणि लेखनिकाच्या प्रतीत सफाई असते, त्यातलाच हा भेद. परंतु सफाईचा अर्थ लावणे हे मोजमापाचे काम नसून वाचनाचे काम आहे, आणि म्हणूनच तीच प्रकाशचित्रे पाहून दोन पक्ष दोन निष्कर्षांवर येतात.

६. काय निश्चित, काय संभवनीय

वरील विवेचनातून चार पायऱ्या स्पष्ट होतात. शैलीवरून परंपरा निश्चित होते : सोळाव्या शतकातील अँटवर्प. रचनेच्या लकबींवरून रचनाकार जवळजवळ निश्चित होतो : १५६९ मध्ये निवर्तलेला पीटर ब्रूगेल. प्रतींच्या तुलनेवरून मूळ रचनेचे स्वरूप संभवनीयतेने सांगता येते : आकाशात बहुधा डीडलस होता. आणि प्रत्यक्ष हात कोणाचा, याविषयी द्रव्याची साक्ष अद्याप दुभंगलेली आहे. संग्रहालयानेही रचना ब्रूगेलची पण हात संशयित, अशी भूमिका घेतली होती.

हा वाद केवळ किमतीचा वा संग्रहालयाच्या प्रतिष्ठेचा नाही. १९३८ मध्ये डब्ल्यू. एच. ऑडन या इंग्रज कवीने हे चित्र पाहून जी कविता लिहिली तिच्यामुळे, दुसऱ्याच्या दुःखाविषयी जगाची बेपर्वाई हा या चित्राचा अर्थ म्हणून विसाव्या शतकात रूढ झाला. नांगरट्या, कोळी आणि गलबत यांच्यापुरता तो अर्थ अबाधित राहतो. मेंढपाळाचे तसे नाही. आकाश रिकामे असेल तर तो काहीच न पाहणारा तिसरा उदासीन माणूस आहे. आकाशात पिता असेल तर तो आश्चर्य पाहण्यात गुंतलेला, आणि म्हणूनच मागे पडलेल्या मुलाकडे पाठ असलेला माणूस आहे. शिवाय तो पिताही तेथे असतो, ज्याला अजून काही कळलेले नाही. ही दोन चित्रे अर्थाने एक नव्हेत.

वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने यातून घ्यावयाचा बोध असा की अर्थनिर्णय हा पाठनिर्णयानंतरचा आहे. ज्या मजकुरावर भाष्य करावयाचे तो मजकूर कोणत्या प्रतीतला, तिच्यात काय गळले असण्याचा संभव आहे, आणि कर्त्याचे नाव रचनेला लागू आहे की हाताला, हे तीन प्रश्न भाष्याच्या आधी विचारले गेले पाहिजेत. त्यांची उत्तरे दर वेळी मिळतीलच असे नाही. न मिळाल्यास भाष्याने आपला आधार किती आहे हे उघड सांगून तेवढ्यावरच उभे राहावे.